असं म्हणाल तर

जगातल्या कुठल्याही दोन गोष्टी एकसारख्या नसतात, हे आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या घरमालकांइतकं मनावर घेतलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आणि तसा दुसरा असू शकतो हे त्यांनी स्वतःही कधी मान्य केलं नसतं. सत्तरच्या दशकात मी गोरेगावच्या शाळेत गणित शिकवायला गेलो आणि त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत पाच वर्षं राहिलो. निजामाच्या अमदानीत ते मोजणी खात्यात चिकटले आणि महाराष्ट्र झाल्यावर काही वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. सगळा जन्म एकाचं शेत दुसऱ्याच्या शेतापासून वेगळं करण्यात गेला. गाव त्यांना मोजणीदार म्हणे, मी काका म्हणे. त्यात घराणं पिढ्यान् पिढ्या द्वैती वैष्णवांचं. दंडांवर गोपीचंदनाच्या मुद्रा उठवल्याशिवाय ते चहासुद्धा घेत नसत. देव वेगळा, जीव वेगळा, जड वेगळं, एक जीव दुसऱ्या जिवाहून वेगळा आणि एक दगड दुसऱ्या दगडाहून वेगळा, असे पाच भेद त्यांच्या मताने या सृष्टीत कायमचे आहेत. इतर लोक ही गोष्ट पोथीत वाचतात आणि जेवायला उठतात. काका ती घेऊन बाजारात जात.

बाजारात त्यांच्या मागे उभं राहणं ही शिक्षा होती. पावशेर वांगी घ्यायला त्यांना अर्धा तास लागे, कारण ते वांगी घेत नसत, प्रत्येक वांग्याची ओळख करून घेत. माळीण कंटाळून म्हणायची, "घ्या की काका, सगळी सारखीच हायत." त्यावर काका तिच्याकडे असे पाहत की पुढच्या खेपेला तिने तो शब्द उच्चारू नये. 'सारखं' हा शब्द त्यांच्या घरात चालत नसे. काकूंनी "कालच्यासारखीच आमटी केलीय" म्हटलं, की "कालची कालची होती," असं उत्तर ठरलेलं. माझ्या गणितातल्या समान चिन्हावर तर त्यांचा कायमचा राग होता. "मास्तर, या दोन आडव्या रेघा तरी एकमेकींसारख्या हायत का? एक वर हाय, एक खाली हाय," असं त्यांनी एकदा माझ्या वहीवर बोट ठेवून विचारलं आणि मला त्या दिवशी पुढचं उदाहरण सुचेना. पण या खुळाचा एक फायदाही होता. आमच्या शाळेत दोन जुळ्या बहिणी होत्या, त्यांना आम्ही सगळे मास्तर हटकून चुकीच्या नावाने हाक मारायचो. त्यांच्या आईचीसुद्धा कधीमधी गफलत होई. काका मात्र रस्त्यावरून पाठमोऱ्या जाणाऱ्या पोरीला अचूक हाक मारत, आणि ती पोरगी वळून अशी हसे की आम्हा बाकीच्यांना आपलीच लाज वाटावी.

त्यांचा दुसरा छंद याहून अवघड होता. जुन्या शास्त्रीमंडळींची एक रीत आहे. समोरच्याचं मत खोडायचं असेल तर आधी त्याचंच मत आपल्या तोंडाने पूर्ण मांडायचं, हा पूर्वपक्ष. ते ऐकून समोरच्याने "बराबर, मला हेच म्हणायचं होतं" अशी कबुली दिली, तरच आपण पुढे बोलायचं. मग "असं म्हणाल तर, न्हाई," एवढं म्हणून आपलं उत्तर सुरू करायचं. नोकरीत असताना काका हीच रीत धुऱ्यावर चालवत. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. भांडणारे दोघे भाऊ समोर उभे केले की थोरल्याने धाकट्याची बाजू सांगायची आणि धाकट्याने थोरल्याची. ते जमेपर्यंत मोजणीची साखळी जमिनीवर टेकायची नाही. कित्येक भाऊ दुपारपर्यंत उन्हात उभे राहून कंटाळत आणि आपसांत मिटवून घरी जात. या रीतीचा मलाही प्रसाद मिळाला. पहिल्या पावसाळ्यात माझ्या खोलीचं छप्पर गळायला लागलं, तेव्हा मी तक्रार घेऊन गेलो. काका म्हणाले, "आधी माझा पक्ष मांडा. मी छप्पर काहून दुरुस्त करून देत न्हाई, ते तुम्ही सांगा." मी जोर लावून मांडला. कवेलू मिळत नाहीत, पावसात माणूस वर चढवायचा कसा, चढला तर असलेली कवेलूही फुटायची. काका मान डोलवत "बराबर, बराबर" म्हणत राहिले. मी "असं म्हणाल तर" इथपर्यंत आलो आणि माझ्या लक्षात आलं की मला ते पटलेलं आहे. पाच वर्षं मी त्या खोलीत पातेलं लावून झोपलो.

पण काकांचा खरा प्रतिपक्ष मी नव्हे. तो मान गिरणीवाल्या आबांचा. आबा तरुणपणी कुठल्याशा मठात चार महिने राहून आले होते आणि येताना कट्टर अद्वैती होऊन आले होते. ब्रह्म एक आहे, बाकीचा सगळा भास, हे मत त्यांनीही काकांइतक्याच इमानाने धंद्यात उतरवलं होतं, आणि पिठाच्या गिरणीत अद्वैत उतरलं म्हणजे गिऱ्हाइकांचे हाल होतात. गव्हात ज्वारी यायची, ज्वारीत हरभरा यायचा. बायका डबा उघडून कटकट करायच्या, तर आबा इंजिनाच्या पुकपुकीवर आवाज चढवून म्हणायचे, "पोटात गेल्यावर वेगळं राह्यतं का, माय?" देवळातून निघताना जी चप्पल पायाशी येईल ती त्यांची. गावात कुणाची चप्पल हरवली की तो माणूस आधी आबांचे पाय पाहायचा आणि बहुतेक तिथेच त्याचा शोध संपायचा. काकांनी आपल्या चपलांना लाल दोरा बांधून ठेवला होता तो केवळ आबांसाठी. दोघांची गाठ पडली तीही गिरणीतच. काकांनी डब्यातलं पीठ चिमटीत धरून, जिभेला लावून म्हटलं, "हे माझं पीठ न्हाई." आबा म्हणाले, "पीठ कुणाचंच नसतं." त्या दिवशी सुरू झालेलं बोलणं मी गावात गेलो तेव्हा सतरा वर्षं चाललं होतं.

गिरणी बंद झाली की आबा अंगावरचं पीठ झटकत आमच्या ओट्यावर येत. पहिल्या संध्याकाळी तो आरडाओरडा ऐकून मला वाटलं, घरावरून भांडण जुंपलंय. मी हातातला स्टो टाकून सोडवायला धावलो, तर दोघांनीही मला हाताने बसवलं. वाद असा होता की मेल्यावर, मोक्ष मिळाल्यावर, माणूस देवात विरघळतो की वेगळा राहतो. आबा म्हणत होते, "वढ्याचं पाणी कयाधूत गेलं. आता दावा मला, कोनतं वढ्याचं अन् कोनतं नदीचं?" काकांनी ते सगळं पुन्हा आपल्या तोंडाने मांडलं, आबांपेक्षा चांगलं मांडलं, उन्हाळ्यात आटलेल्या ओढ्याची आस आणि नदीची माया घालून मांडलं. आबा खूष होऊन म्हणाले, "बराबर." मग काकांनी मांडी बदलली. "असं म्हणाल तर, न्हाई. मला दावता येत न्हाई, ही माझ्या मोजणीची चूक. मोजणी चुकली म्हणून धुरा नाहीसा होत न्हाई. मी काही विरघळायला चाललो न्हाई, आबा. मला तिथं माझी वेगळी जागा पाहिजे. अन् एक सांगा, तुमचं खरं धरलं तर मेल्यावर तुमची माझी भेट कशी व्हावी? भेटायला दोघं लागतात." आबांनी जरा वेळ दाढी खाजवली. "उद्या सांगतो," म्हणून ते उठले आणि जाताना माझी चप्पल घालून गेले.

मला या दोघांचं नवल वाटे. मी स्वतः कोणत्याच बाजूचा नव्हतो. पण एकमेकांना पुरतं चूक समजणारी दोन माणसं रोज एकमेकांची वाट पाहतात, हे गणित मला सुटत नव्हतं. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर बौद्ध होते. त्यांना मी एकदा मुद्दाम ओट्यावर घेऊन आलो. त्यांनी दोघांचं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुमी दोघं धुऱ्यावरून भांडून राहिलात. आमच्यात शेतच न्हाई. आत्माच न्हाई, तर एक का दोन, हा प्रश्न कुठून आला?" काकांचे डोळे लकाकले. नवा पूर्वपक्ष घरी चालत आला होता. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. सरांचा चहा वेगळ्या, कान तुटलेल्या कपात होता. सरांनी कपाकडे पाहिलं, हात लावला नाही. "काका, हा तुमच्या पाच भेदांतला कितवा?" असं त्यांनी विचारलं. काकांनी बोटं मोजली. पुन्हा एकदा मोजली. सर नमस्कार करून निघून गेले. त्यानंतर आठ दिवस घरात काकू आणि काका यांच्यात कुजबूज चालली होती. नवव्या दिवशी काका स्वतः शाळेत आले, माझ्याकडे न येता सरांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "मला उत्तर सापडलं न्हाई. ज्या पक्षाला उत्तर न्हाई तो उभा राहतो, मग आपण आपलं वागणं बदलायचं. तो कप फेकून दिला. याल का?" सर लगेच आले नाहीत. महिनाभराने आले आणि चहा प्याले. मग काकांनी त्यांचं मत मांडून दाखवलं. ते "बराबर" म्हणेपर्यंत काकांना तीन संध्याकाळी लागल्या.

दुष्काळानंतरच्या साली, पोळ्याच्या पुढच्या आठवड्यात, आबा गिरणीचा पट्टा चढवता चढवता खाली कोसळले. हिंगोलीच्या दवाखान्यातून पंधरा दिवसांनी परत आणलं तेव्हा उजवं अंग आणि वाचा दोन्ही गेली होती. काकांनी मला विचारलं, "या लकव्याला शुद्ध मराठीत काय म्हणतात हो?" मी सांगितलं, पक्षाघात. काका म्हणाले, "शब्द चुकीचा हाय. पक्ष शाबूत हाय त्यांचा. मला पाठ हाय."

दुसऱ्या दिवसापासून काका संध्याकाळी आबांच्या घरी जायला लागले, आणि सोबतीला मी. बाजेवर आबा, खाली पोत्यावर आम्ही. आबांच्या मुलाने दारातच हात जोडून सांगितलं होतं, "काका, डाक्टरनं बजावलंय. त्यायला संताप येईल असं कायी बोलू नका." काकांनी ते वचन पाळलं. रोज आबांचा पक्ष मांडायचा, त्यांचीच उदाहरणं, त्यांच्याच शब्दांत. आबा डाव्या हाताची बोटं बाजेच्या लाकडावर एकदा टकटकवत, म्हणजे बराबर. काही सुटलं असेल तर दोनदा टकटक होई आणि काका मागे जाऊन दुरुस्त करत. पण "असं म्हणाल तर" इथे आलं की काका थांबायचे, घसा खाकरायचे आणि कापसाच्या भावाचं काहीतरी काढायचे. आबा त्यांच्या तोंडाकडे पाहत राहायचे. महिनाभर हे चाललं. एके दिवशी काकांना ते बघवेना. आबांचा गळालेला ओठ, वाळलेला हात. त्यांचा आवाज ओला झाला आणि ते म्हणाले, "असं म्हणाल तर... व्हय, आबा. तुमचंच बराबर हाय. मी हरलो."

मला वाटलं होतं, आबांचे डोळे भरून येतील. आबांनी उशाचा पितळी पेला डाव्या हाताने उचलला आणि काकांच्या दिशेने भिरकावला. तो काकांना लागला नाही, भिंतीला लागला. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तरी त्यांनी ते इकडे केलं नाही. काकांनी पूर्वपक्ष मांडला, तर ना एक टकटक, ना दोन. तिसऱ्या दिवशी कळलं की ते दूधसुद्धा घेत नाहीत. मुलगा म्हणाला, आता काही खरं नाही. काका घरी येऊन माजघरात बसले. एवढ्या जन्मात त्यांनी पहिल्यांदाच कुणाची गोष्ट विनाअट मान्य केली होती, आणि तीच माणसाच्या जिवावर उठली होती.

चौथ्या दिवशी सकाळी आबांच्या पत्नी जिजी आमच्या ओट्यावर आल्या. त्या कधी कुणाच्या ओट्यावर येणाऱ्या बाई नव्हेत. पदर सावरून त्या उभ्याच राहिल्या. "मोजणीदार, तुमी हरलात म्हनं," त्या म्हणाल्या.

"व्हय, वहिनी. म्हटलं त्यांना बरं वाटंल."

"बरं वाटंल? वीस वर्सं तो मानूस दळता दळता सोताशी बडबडतो, मोजणीदाराला आज असं सांगीन, उद्या तसं सांगीन. इंजिन बंद पडलं तरी बडबडतो. त्यायला तुमाला हरवायचं हाय. अन् तुमी भिकाऱ्याला भाकर टाकावी तसं दिऊन राहिलात. न्हाई पटलं तर न्हाई म्हना की. अंग गेलंय त्यायचं, डोस्कं न्हाई गेलं."

काकांचं तोंड एवढंसं झालं. जिजी गेल्यावर ते म्हणाले, "मास्तर, मी त्यांना लेकरू समजलो." मग त्यांनी पुन्हा आंघोळ केली, मुद्रा नव्याने उठवल्या, धुतलेलं धोतर नेसले आणि युद्धाला निघावं तसे निघाले. आम्ही पोचलो तेव्हा मुलगा गिरणीवर होता. जिजींनी दार आतून लावून घेतलं.

काका पोत्यावर बसले नाहीत. भिंतीकडे तोंड केलेल्या आबांच्या पाठीपुढे ते उभे राहिले आणि त्यांनी पूर्वपक्ष मांडला. ओढा आला, नदी आली, पीठ आलं. थांबून त्यांनी विचारलं, "बराबर?" टकटक झाली नाही. काकांनी पुन्हा विचारलं. बऱ्याच वेळाने बाजेवर एक टकटक झाली, नाखुशीची. मग काका कडाडले. "असं म्हणाल तर, न्हाई. अजिबात न्हाई." आणि त्यांनी महिनाभर गिळलेलं सगळं बाहेर काढलं. पाची भेद एकामागून एक रचले. ओढ्याच्या पाण्यातला गाळ नदीत वेगळा बसतो, तो त्यांनी सांगितला. आंधळ्या बैलाला दोन्ही धुरे एकच वाटतात, तेही सांगितलं. "सगळं एकच असेल तर परवा पेला कुणी कुणाला मारला?" असं विचारलं. मला डॉक्टरचे शब्द आठवले. आबांचा खांदा हलला. ते हळूहळू इकडे वळले, चेहरा लाल झाला होता, ओठ वाकडे होऊन थरथरत होते, आणि त्या ओठांतून खरखर करत एक शब्द बाहेर पडला.

"न्हाई."

जिजी चुलीपाशीच मटकन बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. काका मात्र तसेच ताठ उभे होते. "न्हाई? काहून न्हाई? कारण द्या," ते म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. आबांनी त्या दिवशी वाटीभर दूध घेतलं आणि भाकरीचा काला खाल्ला.

पुढे अडीच वर्षं आबांना तो एवढा एकच शब्द धड बोलता यायचा, आणि त्याच्यावर त्यांनी सगळा वाद चालवला. लांबवलेला न्हाई, तोडलेला न्हाई, हसून म्हटलेला न्हाई. काका घरी येताना मला सांगायचे, "पूर्वी हे एवढं मुद्द्याचं बोलत नसत." हातात काठी घेऊन आबा एकदा आमच्या ओट्यापर्यंतही आले. जाताना त्यांनी लाल दोऱ्याची चप्पल घातली, आणि काका ते पाहत असूनही काही बोलले नाहीत.

मग माझी बदली जवळा बाजारला झाली. वर्षाने मी शाळेतला एक कागद न्यायला गोरेगावला गेलो. आबा जाऊन चार महिने झाले होते. काका ओट्यावर बसले होते, बरेच खंगलेले. काकूंनी चहा दिला, छप्पर अजून गळत असल्याचं सांगितलं. मी म्हणालो, "काका, आज मला ऐकवा. आबांचा पक्ष." त्यांनी मांडी घातली आणि मांडला. ओढा, कयाधू, उन्हाळ्यातली ती आस, सगळं आलं. आबांचा हेलसुद्धा त्यांच्या बोलण्यात उतरला होता. शेवटी ते "असं म्हणाल तर" इथवर आले आणि थांबले. ओट्याच्या लाकडी खांबाकडे त्यांचा कान लागला होता. मी म्हणालो, "बराबर."

"तुमचं बराबर चालत न्हाई, मास्तर," काका म्हणाले. "ज्याचा पक्ष, त्यानं म्हणायचं असतं."

"मग आता उत्तर?"

"आता कसलं उत्तर? उभा हाय त्यांचा पक्ष. राहू द्या."

ते मला पोचवायला जीपपर्यंत आले. जीप भरायला वेळ लागला. मी आत बसल्यावर त्यांनी माझी पिशवी वर दिली, आणि ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं तसे वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "आबांना विचारीन म्हणा, मांडलं ते बराबर का. भेट झाली की पयलं तेच विचारीन."